गळ टाकणारा कुठे उभा आहे?

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बरीच प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कार्यक्रम संपल्यावर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी भिडेखातर कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. पुढे हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आली आणि गावात वणवा पेटला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा! सनातनी मंडळी तक्रार घेऊन शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, ग्रामण्य झालं. ग्रामण्य म्हणजे काय हे आज सांगावं लागतं. भटजी दारात यायला तयार नाहीत, श्राद्धपक्ष अडतो, मुलीचं लग्न जमत नाही, सासरी गेलेल्या लेकीला माहेरी यायची चोरी. टिळकांना आपण प्रायश्चित्त घेतल्याचं सांगावं लागलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्याकडे आशेने पाहणाऱ्या सुधारकांच्या मनाला ते फार लागलं.

ही मंडळी तिथे जमवली गोपाळराव जोशींनी, आणि नावं छापून आली त्यामागेही तेच होते. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती ते हेच. आनंदीबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त, कुणाची भीड न बाळगणारा. सभेत जातिभेदावर तासभर बोलणारी माणसं एक कप चहाच्या मागे उभी राहतात का, हे त्यांनी सगळ्या गावासमोर उघडं पाडलं. एक पैसा खर्च न करता, एकही शिवी न देता.

आज कुणी असं केलं तर आपण त्याला ‘ट्रोल’ म्हणून मोकळे होऊ. मला या प्रकरणाचा गेली काही वर्षं पिच्छा सोडवता आलेला नाही, कारण गोपाळराव बरोबर होते की चूक याचं उत्तर मी प्रत्येक वेळी वेगळं देतो. ते उत्तर का बदलतं, ते शोधताना मला ट्रोलिंगबद्दल जे कळलं ते इथे मांडतो आहे.

हा शब्द इंटरनेटवर आला तो मासेमारीतून. होडी सावकाश पुढे नेत मागे आमिष लावलेला गळ ओढत राहायचं, याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर चालणाऱ्या चर्चांमध्ये मुरलेली मंडळी मुद्दाम एखादा चावून चोथा झालेला प्रश्न भाबडेपणाने विचारायची. जुने लोक ओळखून गप्प बसायचे, नवखा मात्र धावत येऊन गंभीरपणे उत्तर द्यायचा आणि गळाला लागायचा. इतकाच तो खेळ होता. आपल्याकडे या कामासाठी शब्दांची कधीच टंचाई नव्हती. खोडी काढणं, डिवचणं, कळ लावणं, काडी टाकणं, आगीत तेल ओतणं. आणि या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणून तिन्ही लोकी हिंडणारा कळीचा नारद. आपल्या कथांमध्ये नारदाने लावलेली कळ शेवटी कुणाच्या तरी गर्वाचा फुगा फोडते, म्हणून लोकांनी त्याला देवर्षी राहू दिलं. म्हणजे कळ लावण्यालाही काही प्रयोजन असू शकतं, हे या समाजाला फार आधीपासून ठाऊक आहे.

न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनाने, तर त्याची रीतसर विभागणी करून ठेवली आहे. न्यायसूत्रांत कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते ठरवण्यासाठी दोघांनी मिळून केलेली चर्चा हा वाद. जिंकण्यासाठी, युक्त्याप्रयुक्त्या वापरून केलेला तो जल्प. आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं, ती वितंडा. आपण आज ‘वितंडवाद’ म्हणतो तो हाच. सूत्रकार जल्प आणि वितंडा यांना नुसतं वाईट म्हणून बाजूला टाकत नाहीत, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आश्चर्याचं वाटलं. ते म्हणतात, पेरलेल्या बियाण्याच्या कोंबाचं रक्षण करायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे हे दोन प्रकार तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी आहेत. शेतावर राबलेला माणूसच ही उपमा देऊ शकेल. कोवळं रोप आहे तोवर गुरांना काटा टोचलाच पाहिजे.

त्याच ग्रंथात ‘छल’ नावाचा एक दोष आहे. त्याचं उदाहरण पाठ्यपुस्तकातलं म्हणून प्रसिद्ध आहे. कुणी म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. त्याला म्हणायचं असतं, याच्या अंगावरचं कांबळं नवीन आहे. समोरचा ‘नव’ म्हणजे नऊ धरतो आणि विचारतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत, दाखव. दीड हजार वर्षांहून जुनं हे उदाहरण. आज सकाळी तुमच्या फोनवर जो वाद वाचलात त्यात हेच झालं असेल: एकाने एक म्हटलं, दुसऱ्याने शब्द धरून त्याचा भलताच अर्थ लावला, आणि पुढची पन्नास उत्तरं त्या न उच्चारलेल्या अर्थावर दिली गेली. बिचारा मूळ लेखक ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ एवढंच सांगत राहतो.

म्हणून ट्रोलिंग म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. जिथे सगळे एकमेकांची पाठ थोपटत असतात त्या चर्चेत काडी टाकणारा एखादा हवाच. निंदकाचं घर असावं शेजारी, असं आपले लोक म्हणत आले, ते काही निंदकाच्या प्रेमापोटी नव्हे. गोड बोलणाऱ्या जमावात चुकीची गोष्ट वर्षानुवर्षं खपून जाते आणि एक खवचट प्रश्न तिला उघडी पाडतो. न्यूयॉर्क विद्यापीठातले पदार्थवैज्ञानिक ॲलन सोकल यांनी १९९६ मध्ये ‘सोशल टेक्स्ट’ या मानव्यविद्येतल्या नियतकालिकाकडे मुद्दाम अर्थहीन, पण भारदस्त परिभाषेने आणि संपादकांना रुचेल अशा मतांनी सजवलेला लेख पाठवला. तो छापून आला. लगेच सोकल यांनी दुसऱ्या नियतकालिकात जाहीर केलं की हे सारं मी रचलेलं होतं. त्या गळाला लागलेल्यांचा संताप झाला, आणि तो मी समजू शकतो. विश्वासाने लेख घेणाऱ्याला फसवण्यात काही थोरवी नाही. पण सोकल यांनी स्वतःच्या नावाने लेख पाठवला होता, स्वतःच्या नावाने कबुली दिली आणि पुढची कित्येक वर्षं त्यावरच्या टीकेला ते स्वतःच उत्तरं देत राहिले. दोरी त्यांच्या हातात होती आणि ते हात सगळ्यांना दिसत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे. डिवचणारा किती कडू बोलला, कुणाला किती लागलं, यावरून त्याची किंमत ठरत नाही. तो कुठे उभा आहे, आणि समोरून आलेलं उत्तर त्याच्यापर्यंत पोचतं का, यावरून ठरते.

आगरकर घ्या. १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढल्यावर त्यांनी पुण्याला जेवढं डिवचलं तेवढं फार कमी जणांनी डिवचलं असेल. विधवांचं केशवपन, बालविवाह, सोवळंओवळं, एकेका दुखऱ्या जागेवर ते नेमकं बोट ठेवत. वाचणाऱ्याच्या अंगाची लाही व्हावी असं ते लिहीत, आणि ती व्हावी म्हणूनच लिहीत. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ते तिथेच होते, त्याच गावात, दम्याने बेजार होऊन, तुटपुंज्या मिळकतीत. उत्तर द्यायचं तर त्यांचा पत्ता सगळ्यांना माहीत होता.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. सगळ्यांना आगरकर होणं परवडत नाही. सरकारी नोकरीतला कारकून, गावकीविरुद्ध लिहिणारा दलित तरुण, सासरच्या नजरेखाली फोन वापरणारी बाई, यांनी खऱ्या नावाने बोलायचं म्हणजे नोकरी, घर, कधीकधी जीव घालवायचा. टोपणनाव हे त्यांचं शस्त्र नाही, चिलखत आहे. ते मला पूर्ण मान्य आहे. आधारकार्ड दाखवल्याशिवाय बोलू देऊ नका असं म्हणणारी माणसं मला ट्रोलांपेक्षा जास्त धोकादायक वाटतात. पण ‘लोकहितवादी’ हेही टोपणनावच होतं. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते, आणि १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी आपल्याच जातीला, आपल्याच गावाला धारेवर धरणारी शंभरावर पत्रं लिहिली. सगळी एकाच सहीने. तेरावं पत्र वाचून चिडलेला माणूस सत्तराव्या पत्राच्या लेखकाला जाब विचारू शकत होता, कारण तो तोच होता. त्या नावाची पत वाढत होती, घसरत होती, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर होती. आज मराठीत ज्याला डुआयडी म्हणतात, एकाच माणसाची चार नावं, एक भांडण लावणारं, एक टाळ्या वाजवणारं, एक मध्यस्थी करणारं आणि एक राखीव, त्याची आणि लोकहितवादींच्या सहीची जात एक नाही. टोपणनावाआड माणूस असतो. डुआयडीआड पळवाट असते.

कलगी-तुऱ्याचे फड ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. कलगीवाले शक्तीला थोर म्हणणार, तुरेवाले शिवाला. एका बाजूचा शाहीर कूट सवाल टाकतो, टोमणे मारतो, समोरच्याच्या गुरूपासून डफाच्या ठेक्यापर्यंत सगळं काढतो. चिथावणं हेच तिथलं काम, आणि ते जितकं कसबाने होईल तितकी दाद मोठी. पण सवाल टाकून शाहीर निघून जात नाही. समोरचा जवाब देईपर्यंत, आणि जवाबासोबत आलेला उलटा सवाल अंगावर घेईपर्यंत त्याला त्याच रंगमंचावर, त्याच लोकांसमोर उभं राहावं लागतं. कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रंगतात. रात्रभर एकमेकांची सालटी काढलेले दोन शाहीर पहाटे शेजारी बसून चहा पितात, कारण रात्रभर जे झालं ते दोघांच्याही अंगावर झालेलं असतं.

आता उलट टोक. रशियात सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘इंटरनेट रिसर्च एजन्सी’ नावाचं दुकान होतं. तिथे पगारी माणसं अमेरिकन नावं धारण करून दिवसभर अमेरिकन लोकांशी भांडत. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेत १३ रशियन व्यक्ती आणि ३ संस्थांवर आरोपपत्र दाखल झालं, त्यात ही संस्था होती. रशियन उद्योजक येवगेनी प्रिगोझिन यांनी पुढे २०२३ मध्ये ती आपणच स्थापल्याचं उघडपणे मान्य केलं. या लोकांनी केलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. २१ मे २०१६ रोजी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव आमनेसामने उभे राहिले. एक इस्लामला विरोध करायला आलेला, दुसरा पाठिंबा द्यायला. दोन्ही जमावांना बोलावणारी फेसबुक पानं याच एका संस्थेची होती. रस्त्यावर घसा फोडून ओरडणारी माणसं खरी होती, त्यांचा राग खरा होता. गळ टाकणारा हजारो मैल लांब होता, आणि त्याला ना इस्लामशी देणंघेणं होतं ना टेक्सासशी. इथे वितंडासुद्धा उरली नाही. वितंडा करणाऱ्याला निदान समोरच्याला हरवायचं असतं. यांना कुणीच जिंकायला नको होतं. हे कुंपण शेताभोवती नव्हतंच, शेतात घुसून उगवलेलं होतं.

आणि या दोन टोकांना आपण एकच शब्द लावतो. मराठी बातम्यांत हल्ली रोज कुणी ना कुणी ‘ट्रोल’ होतं. मंत्र्याने चुकीचा आकडा सांगितला आणि लोकांनी तो दाखवून दिला, तर मंत्री ट्रोल. अभिनेत्रीच्या कपड्यांवर घाण लिहिलं गेलं, तर अभिनेत्री ट्रोल. पत्रकार बाईला बलात्काराची धमकी आली, तरी ‘ट्रोलिंगचा सामना करावा लागला’. पहिली टीका आहे, दुसरी विकृती आहे आणि तिसरा गुन्हा आहे. तिन्हींना एका पोत्यात भरलं की मंत्री स्वतःला पीडित म्हणवून घेतो आणि धमकी देणारा थट्टेखोर ठरतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून आलेल्या ट्वीट्सची पाहणी केली. साधारण सातातलं एक ट्वीट त्रासदायक किंवा शिवराळ निघालं. त्या बायकांना कुणी वादात ओढत नव्हतं. वादाच्या फडातूनच उठवून लावत होतं. असल्या मजकुरात उत्तराला जागाच नसते. ‘तुझं तोंड बंद कर’ यावर काय जवाब देणार? ज्याला जवाब नको तो सवाल नव्हे.

मग कायदा? कायदा काय करतो ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, तेव्हा पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्यात वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ होईल अशा मजकुराला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठरवत होतं. कुणाला किती लागलं, एवढीच त्या कलमाची मोजपट्टी. त्या मोजपट्टीने ती मुलगी गुन्हेगार ठरली आणि दवाखाना फोडणारे दुखावलेले ठरले. माझी मोजपट्टी लावून पाहा. ती आपल्या नावाने, आपल्या गावात, आपल्याला खरोखर वाटलेलं बोलली होती आणि कुणीही तिला उत्तर देऊ शकत होतं. जमावाला उत्तर द्यायचंच नव्हतं. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं. त्या निकालात चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी स्वातंत्र्याच्या गाभ्याच्या आहेत, आणि बोलणं चिथावणीच्या पातळीला गेलं तरच कायद्याने हात घालावा, असं त्यात म्हटलं आहे. न्यायसूत्रांनंतर इतकी स्वच्छ विभागणी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

‘ट्रोलांना खायला घालू नका, दुर्लक्ष करा’ हा सल्ला सगळेच देतात. पटत नाही. दुर्लक्ष करणं ज्याला परवडतं तोच करू शकतो. ज्याच्यावर शंभर जण तुटून पडलेत त्याला ‘तू लक्ष देऊ नकोस’ म्हणणं म्हणजे आपण बघे राहण्याची सोय करून घेणं. त्याच्या शेजारी कुणीतरी आपल्या नावाने दोन ओळी लिहायला हव्या असतात.

परत गोपाळरावांकडे येतो. त्यांनी सुधारकांचं ढोंग उघडं पाडलं हे खरं. पण त्यासाठी वापरलेली काठी सनातन्यांची होती. ग्रामण्याची भीती नसती तर ती यादी छापून काहीच झालं नसतं. ज्या जाचाविरुद्ध सुधारक अडखळत का होईना बोलत होते, त्याच जाचाच्या हाती त्यांनी सुधारकांना दिलं, आणि चहाच्या त्या एका कपाने सनातन्यांचं बळ वाढलं. स्वतः गोपाळरावांना वाळीत पडण्याचं भय नव्हतं. ते भय रानड्यांच्या घरातल्या बायकांना होतं, त्यांच्या मित्रांच्या लेकींना होतं. डाव त्यांचा, पैज दुसऱ्यांची. आता मी जे उत्तर देतो ते हे: कसब पहिल्या प्रतीचं, आणि काम चुकीचं.

हे मी इतक्या ठामपणे म्हणू शकतो त्याला कारण आहे. पंधराएक वर्षांपूर्वी परदेशात राहणाऱ्या एका वयस्क बाईंनी आपल्या कोकणातल्या आजोळावर इंटरनेटवर लिहिलं होतं. लेख साधा होता, थोडा भाबडा. त्यात एक वाक्य होतं: श्रावणात मंगळागौरीला आजी आम्हा मुलींसाठी सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची. सुरंगी फुलते शिशिर सरताना, श्रावणात नाही. मी माझ्या दुसऱ्या नावाने खाली विचारलं, ‘काकू, श्रावणात सुरंगी फुलणारं हे गाव कुठलं? आम्हालाही एकदा जायचंय.’ मग पहिल्या नावाने येऊन त्यावर हसलो. दोन तासांत तीसेक जण गोळा झाले. कुणी त्यांच्या गावाची, कुणी त्यांच्या आजीची, कुणी परदेशातल्या आठवणींची टर उडवली. माझ्या त्या एका ओळीचं कौतुकही झालं, आणि मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी लिहिलं, ‘चूक दाखवल्याबद्दल आभार. वय झालं, आठवणी एकमेकींत मिसळतात. आजी वळेसर करायची एवढं मात्र खरं आहे. क्षमस्व.’ त्यानंतर त्यांचं लिखाण मला कुठे दिसलं नाही. त्या ‘क्षमस्व’खाली मी काहीच लिहिलं नाही. दोन्ही नावांपैकी एकानेही नाही.